अपिलात मागायचं काय, निर्दोष सुटका की कमी शिक्षा?

काठावरचा
शाळेपासूनच्या मित्राच्या मुलाला सत्र न्यायालयात शिक्षा लागली. सॅकमध्ये १२ पुड्या, एकूण ६२ ग्रॅम एमडी (मेफेड्रोन, नशेची पावडर). तो चालवत होता त्या स्कूटरच्या डिकीत एक गावठी कट्टा आणि दोन काडतुसं. एनडीपीएसखाली (अमली पदार्थांचा कायदा) १२ वर्षं आणि एक लाख दंड, दंड नाही भरला तर आणखी एक वर्ष. आर्म्स ॲक्टखाली ३ वर्षं. वर निकालात लिहिलंय की शिक्षा एकापाठोपाठ भोगायच्या. वय २६. उच्च न्यायालयात अपिलाला ६० दिवस असतात, त्यातले २३ गेलेसुद्धा.

मित्र ज्या वकिलांकडे गेला ते म्हणाले, "शिक्षेचं काय घेऊन बसलात, पंचनामाच उडवू." सील बरोबर नाही, नमुने चुकीचे घेतले, अमक्याची सही नाही वगैरे. मला हे पटत नाही. पोरगा पुड्या विकायचा हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, फक्त त्याच्या बापाला माहीत नव्हतं. माझं मत: केलंय ते कबूल करावं, हात जोडावेत आणि शिक्षा तेवढी कमी करून घ्यावी. लाखेच्या सीलवर सुटून आलेला पोरगा पुढच्या महिन्यात पुन्हा तिथेच उभा असेल. बोला.

काळा कोट
हात जोडायला कायद्याने जागा किती ठेवलीय ते आधी बघा. एमडीची व्यावसायिक मात्रा ५० ग्रॅम. ती ओलांडली की किमान १० वर्षं, कमाल २०. त्या दहाच्या खाली उच्च न्यायालयालाही जाता येत नाही. वय, पहिलाच गुन्हा, म्हातारे आईबाप, काही चालत नाही. खुनाच्या जन्मठेपवाल्याला माफीचे दिवस मिळतात, याला कलम ३२ ए मुळे तेही नाहीत. कच्च्या कैदेतले दिवस वजा होतील, बाकी १२ म्हणजे १२. अशा कायद्यात पंचनामा तपासणं ही पळवाट नाही. आरोपीच्या हातात तेवढंच असतं.

बक्कल नंबर
खात्यात ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची बरीच याच कामात. रात्री दोन वाजता चौकात पंच शोधून बघा एकदा. कोण येतो? जो येतो तो तीन वर्षांनी कोर्टात म्हणतो, "सही माझी आहे, पण कागद कोरा होता." मग सगळे म्हणणार पोलिसांनी माल ठेवला. काळ्या कोटांना एक विचारतो: माल खरा, प्रयोगशाळेचा अहवाल खरा, पोरगा खरा. मग खोटं काय उरलं?

काळा कोट
हवालदारसाहेब, माल खरा आहे का हेच तर विचारायचंय. काठावरचे, पंचनाम्यात नमुने कसे घेतलेत?

काठावरचा
जागेवरच बाराही पुड्या एका प्लास्टिकच्या पिशवीत ओतल्या, हलवल्या आणि त्यातून दोन नमुने घेतले. शब्दशः असंच लिहिलंय.

शंकेखोर
मध्येच विचारतो. ६२ ग्रॅममध्ये शुद्ध एमडी किती हे मोजलं का? भेसळ वजा केली तर पन्नासच्या खाली येईल की.

काळा कोट
तो मुद्दा संपला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी हीरा सिंग प्रकरणात सांगितलं की मिश्रणाचं पूर्ण वजन धरायचं, भेसळीसकट. पण इथे गंमत वेगळी आहे. एका पुडीतलं मिश्रण निराळं आणि बारा पुड्या पोलिसांनी स्वतः एकत्र करणं निराळं. समजा दोन-तीन पुड्यांत नुसती तुरटीची पूड होती (गिऱ्हाईकाला फसवायला हे लोक तेही करतात), तर त्या पुड्या एमडी नव्हेतच. ओतल्यावर ते कोणाला कळणार? बारा ग्रॅमची शंका आली की मात्रा व्यावसायिक राहत नाही. मग किमान शिक्षा गेली, कमाल फक्त १० वर्षं. पाचही देता येतात.

बक्कल नंबर
आणि जानेवारी २०२५ चा निकाल सांगायचा राहिला वाटतं? कलम ५२ ए (जप्त मालाचे नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर घ्यायचा नियम) पाळलं नाही एवढ्यावर सुटका नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलंय. उगाच लोकांना आशेला लावू नका. आणि कलम ५० काढायच्या आधीच सांगतो, ते अंगझडतीला लागतं, सॅकला नाही.

काळा कोट
सांगतो की. नुसती चूक दाखवून भागत नाही, त्या चुकीने पुराव्यावर शंका कशी येते ते दाखवावं लागतं, असं तो निकाल म्हणतो. मीही तेच दाखवतोय. कलम ५० बद्दल तुमचं बरोबर.

एका पेशंटची आई
सगळं वाचलं. माझा मुलगा एमडी घ्यायला लागला तेव्हा १९ चा होता. चार-चार रात्री झोप नाही, जेवण नाही, दात खात बसायचा, भिंतीत माणसं आहेत म्हणायचा. आता तिसऱ्यांदा व्यसनमुक्ती केंद्रात आहे. काठावरचे दादा, २६ वर्षांच्या पोराबद्दल तुमच्या पोटात तुटतं ते मला कळतं. पण त्याच्या बारा पुड्या कोणाच्या तरी बारा घरांत जाणार होत्या. आणि वकीलसाहेब, तुमच्या "बारा ग्रॅमच्या शंकेने" माझ्या अंगावर काटा आला.

मला राग फक्त पोराचा नाही. आरोपपत्रात माल देणाऱ्याच्या नावापुढे काय लिहिलंय ते सांगाल?

काठावरचा
"फरार."

एका पेशंटची आई
वाटलंच.

काळा कोट
ताई, तुम्हाला उत्तर देण्याची माझी पात्रता नाही. फक्त कट्ट्याबद्दल लिहितो, कारण खरा घोळ तिथे आहे. दहाच्या वर शिक्षा देताना काय बघायचं ते कलम ३२ बी मध्ये दिलंय. पहिलंच कारण: गुन्हेगाराने हिंसा किंवा शस्त्र वापरणं, अथवा वापरण्याची धमकी देणं. न्यायाधीशांनी १२ वर्षांचं कारण काय दिलंय?

काठावरचा
"आरोपीकडे घातक शस्त्र मिळून आले." एवढंच.

काळा कोट
मिळून येणं म्हणजे वापरणं नव्हे. शिवाय त्याच कट्ट्यासाठी आर्म्स ॲक्टखाली ३ वर्षं वेगळी दिलीच आहेत. एकाच कट्ट्याचे दोनदा पैसे वसूल केलेत.

बक्कल नंबर
कट्टा काय दिवाळीत वाजवायला ठेवला होता? धंद्याच्या राखणीलाच असतो तो. आणि बारा वर्षं देताना न्यायाधीशांनी ३२ बी च्या बाहेरचंही बघितलं तर चालतं. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातल्या हेरॉइनच्या खटल्यात १५ वर्षं कायम केली. गरीब आहे, नुसता माल पोचवणारा आहे, हे ऐकून घेतलं नाही.

काळा कोट
तिथे हेरॉइन एक किलो होतं, व्यावसायिक मात्रेच्या चौपट. इथे पन्नासच्या रेषेवर बारा ग्रॅम. मात्रा बघायची तर दोन्ही बाजूंनी बघा.

काठावरचा
थांबा, मी हिशेब मांडला. आज १२ + ३ + दंडाचं १ = १६. ३२ बी चा मुद्दा मानला तर १०. दोन्ही शिक्षा एकत्र भोगायला मिळाल्या तर ३ त्यातच जिरतात. दंड भरला तर शेवटचं एक वर्ष गेलं. म्हणजे गुन्हा कबूल करूनही सहा वर्षं वाचतात. माझं अगदीच चुकलं नव्हतं!

काळा कोट
नव्हतं, मान्य. दंड मात्र काहीही करून भरा. दंडाबदलीची कैद दुसऱ्या कैदेत जिरत नाही, हे २०१८ मध्ये महाराष्ट्रातल्याच खटल्यात स्पष्ट झालंय. आणखी एक: अपील आरोपीचं असेल तर त्यात शिक्षा वाढत नाही, त्यासाठी सरकारला वेगळं यावं लागतं. ती भीती नको. पण सुनावणीत न्यायमूर्ती पहिल्या पाच मिनिटांत विचारतात, "गुणवत्तेवर (म्हणजे दोषी ठरवणंच बरोबर की चूक यावर) बोलणार की शिक्षेवर?" एकदा "शिक्षेवर" म्हणालात की बारा पुड्यांकडे कोणी बघत नाही. अपिलाच्या मेमोत दोन्ही घ्या, आधी दोषसिद्धी, पर्यायाने शिक्षा. पैसे नसतील तर तुरुंगातल्या कैद्याला विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो.

शंकेखोर
आणि अपील चालेपर्यंत जामीन?

काळा कोट
अवघड. सर्वोच्च न्यायालयाच्या २००० च्या निकालामुळे न्यायालयाला शिक्षा स्थगित करता येते, पण व्यावसायिक मात्रेला कलम ३७ च्या जामिनाच्या कडक अटी तिथेही आडव्या येतात.

काठावरचा
आज मित्र मुलाला भेटून आला. काचेपलीकडून पोरगा म्हणाला, "बाबा, पुड्या माझ्या होत्या. कट्टा माझा नव्हता. स्कूटर दुसऱ्याची होती." आता यावर हात कसे जोडायचे ते मला सुचत नाहीये.

बक्कल नंबर
सगळे हेच म्हणतात.

काळा कोट
सगळे म्हणतात म्हणूनच कागद बघायचे. काठावरचे, दोन गोष्टी शोधा. आर्म्स ॲक्टच्या कलम ३९ प्रमाणे खटल्याआधी घेतलेली जिल्हा दंडाधिकाऱ्यांची मंजुरी आरोपपत्रात आहे का. आणि डिकी उघडली ती चावी कोणाच्या खिशातून काढली.

काठावरचा
मंजुरी आहे, पान ४१. पंचनामा तीनदा वाचला. चावीचा उल्लेखच नाही.

बक्कल नंबर
पुन्हा बघा. जप्तीच्या यादीत असेल.

काठावरचा
यादीत सॅक, पुड्या, मोबाइल, रोख १,४००, कट्टा, काडतुसं, स्कूटर. चावी नाही.