मुलगा म्हणतो "अँड्र्यू लकने पण सोडलंच ना", काय सांगू त्याला?

कार्मेलकर
नमस्कार मंडळी. आम्ही इंडियानापोलिसजवळ कार्मेलला राहतो, अकरा वर्षं झाली. मुलगा चौदा वर्षांचा आहे, शाळेच्या टीममध्ये क्वार्टरबॅक खेळतो. ज्यांना अमेरिकन फुटबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातातून प्रत्येक प्ले सुरू होतो तो, बॉल कोणाला फेकायचा की हातात द्यायचा हे दोन-तीन सेकंदांत ठरवायचं आणि तेवढ्यात समोरून धिप्पाड माणसं त्याला पाडायला धावत येत असतात.

मागच्या सीझनमध्ये त्याचा खांदा दुखावला. बरा झाला, परत खेळला, परत दुखावला. आता म्हणतो मला नाही खेळायचं. मी म्हटलं अरे एवढ्यात हरायचं नाही, तर म्हणाला अँड्र्यू लकने पण सोडलंच ना, आणि तू ओरडत होतास तेव्हा.

मी सुन्न झालो. लक म्हणजे आमच्या इंडियानापोलिस कोल्ट्स टीमचा तेव्हाचा क्वार्टरबॅक. २४ ऑगस्ट २०१९ ला आम्ही दोघं लुकास ऑइल स्टेडियममध्ये होतो. शिकागो बेअर्सबरोबर प्री-सीझन मॅच, म्हणजे जिच्या निकालाला काही किंमत नसते. चौथ्या क्वार्टरमध्ये सगळ्यांच्या फोनवर बातमी आली की लक रिटायर होतोय. वय २९, १२ सप्टेंबरला तीस पूर्ण होणार होती. तो युनिफॉर्म न घालता साइडलाइनवरच उभा होता. मॅच संपून तो आत जायला लागला तेव्हा लोकांनी हुर्यो उडवली आणि मीही उडवली. मुलगा आठ वर्षांचा होता, माझ्या शेजारी. त्याला हे आठवत असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

त्या माणसाचा खेळाकडे बघायचा दृष्टिकोन नक्की काय होता हे मला नीट समजून घ्यायचंय. ज्यांनी त्याला फॉलो केलंय त्यांनी लिहा.

निळीजर्सी
तुम्ही विचारलंत हे बरं केलंत, कारण "पोटरी दुखली म्हणून सोडलं" असं अजूनही लोक बोलतात आणि मला फार त्रास होतो त्याचा. त्याच्या अंगावर काय काय झालं ते बघा, बरगड्यांची कूर्चा फाटली, पोटाचा स्नायू फाटला, किडनीला जखम होऊन लघवीतून रक्त गेलं, कन्कशन (मेंदूला मार) झालं, फेकायच्या हाताच्या खांद्यातला लेब्रम, म्हणजे खोबणीभोवतीची कूर्चा, फाटला. किडनीचं झालं ते नोव्हेंबर २०१५ ला डेन्व्हरविरुद्धच्या मॅचमध्ये, चौथ्या क्वार्टरला, आणि तो तसाच खेळत राहिला आणि कोल्ट्सनी ती मॅच २७-२४ जिंकली. समोर डेन्व्हरचा क्वार्टरबॅक कोण, तर पेटन मॅनिंग, ज्याच्या जागी कोल्ट्सनी २०१२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात त्यात, पहिल्या नंबरला लकला घेतलं होतं. सहा सीझनमध्ये त्याला १७४ वेळा बॉल हातात असताना पाडलं. त्याला वाचवणारी पुढची फळी कच्ची ठेवली टीमने, माझ्या मते मोठी चूक ती होती.

आणि आपल्याला जोरात पाडणाऱ्याला हा माणूस उठून "मस्त हिट" म्हणायचा. समोरचा गोंधळून जायचा. त्यात कुठलं नाटक नव्हतं, समोरच्यानेही त्याचं काम उत्तम केलं हे त्याला खरंच आवडायचं. खेळावर प्रेम नव्हतं असं कोणी म्हणालं तर मला हेच आठवतं.

गोपाळपेठ
थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. हुर्यो उडवली ते वाईटच. पण सीझनची पहिली मॅच ८ सप्टेंबरला होती, म्हणजे पंधरा दिवस राहिले होते. क्वार्टरबॅक गेला की आख्खी टीम गेली. त्यानंतर सीझनच्या पहिल्या मॅचला बघा, २०१९ ला ब्रिसेट, २०२० ला रिव्हर्स, २०२१ ला वेंट्झ, २०२२ ला रायन, २०२३ ला रिचर्डसन, दरवर्षी नवा माणूस. बाकीचे बावन्न जण पण अंग झिजवत होते ना? त्यांचीही करिअर छोटीच असते. लकचा निर्णय चूक नव्हता, उशिरा झाला असं मी म्हणेन. मार्चमध्ये सांगितलं असतं तर टीमला तयारी करता आली असती. मुलाला सोडायचं असेल तर खुशाल सोडू दे, पण कोचला आत्ताच सांगायला लावा.

कोल्हापुरीफिजिओ
गोपाळपेठ, मार्चमध्ये त्याला तरी कुठे माहीत होतं? २०१८ चा सीझन त्याचा झकास गेला होता, ३९ टचडाउन, टीम १-५ वरून (एक जिंकली, पाच हरल्या) १०-६ ला पोचली, कमबॅकचं अवॉर्ड मिळालं. मग पोटरी, मग घोटा, परत तेच चक्र. दुखापत, वेदना, रिहॅब, परत दुखापत, चार वर्षं यातच अडकलोय आणि यातून सुटायचा एकच रस्ता दिसतो, असं त्याने त्याच रात्री प्रेसला रडत सांगितलं. २०१६ मध्ये तो दुखणं अंगावर काढून खेळला होता आणि परत त्या वाटेने जायचं नाही असं त्याने स्वतःला वचन दिलं होतं, हेही बोलला. हुर्यो ऐकू आली, लागली मनाला, हेही लपवलं नाही. २०१७ चा आख्खा सीझन बसून काढला होता, नेदरलँड्सला जाऊन उपचार घेतले, आणि जून २०१८ ला परत फेकायला लागला तेव्हा आधी हायस्कूलच्या मुलांचा छोटा बॉल घेतला. एवढी चिकाटी दाखवलेल्या माणसाला कच्चा कसं म्हणणार?

माझ्याकडे तालमीतली पोरं येतात. दुखतंय हे वस्तादांना सांगायची चोरी, घरी सांगायची त्याहून मोठी चोरी, आणि माझ्यापर्यंत येतात तेव्हा खांदा पार निसटायला लागलेला असतो. तुमच्या मुलाने तुम्हाला येऊन सांगितलं ना, ते जपा. आणि दादा, चौदाव्या वर्षी वाढीची हाडं असतात, एकच खांदा दोनदा दुखावला तर आधी एमआरआय करा, खेळायचं की नाही ते नंतर ठरवा.

सॅनहोजेवासी
मी त्याच्या कॉलेजजवळ, स्टॅनफर्डजवळच राहते म्हणून त्याचं पुढचं सांगते. २०११ लाच तो पहिल्या नंबरला गेला असता असं सगळे म्हणत होते, पण आर्किटेक्चरल डिझाइनची डिग्री पुरी करायला एक वर्ष थांबला. टीममेट्स आणि फॅन्ससाठी पुस्तकांचा क्लब चालवायचा. म्हणजे फुटबॉलच्या बाहेरचा माणूस आधीपासूनच होता आत.

पण सोडल्यावर सगळं छान झालं असं मुलाला सांगू नका, तसं झालेलं नाही. त्याला अपराधी वाटत राहिलं, बरीच वर्षं. क्वार्टरबॅकला सगळं आपल्या ताब्यात ठेवायची सवय लागते आणि ती घरात पण शिरते, बायकोशी वागण्यात शिरते, हे त्याने नंतर स्वतः कबूल केलंय, आणि मला त्याचा हा भाग सगळ्यात जास्त भावतो. मग तो परत स्टॅनफर्डला येऊन शिक्षणशास्त्रात मास्टर्स करून गेला २०२३ ला, पालो अल्टोच्या हायस्कूलमध्ये पोरांना शिकवायला जायचा. नोव्हेंबर २०२४ ला स्टॅनफर्डने फुटबॉलचा जनरल मॅनेजर म्हणून नेमलं, आणि २०२५ साठी त्याने हंगामी कोच कोणाला आणलं तर फ्रँक राइकला, जो २०१८-१९ ला कोल्ट्सचा कोच होता. म्हणजे ज्याला सोडून आला त्यालाच बोलावलं आणि तोही आला. गोपाळपेठ, टीमचं नुकसान झालं हे खरंच, पण त्याच्याबरोबरच्या लोकांनी मनात धरलेलं दिसत नाही. कोल्ट्सचे तेव्हाचे मालक जिम अर्से यांनी पण बोनसचे सुमारे अडीच कोटी डॉलर परत मागितले नाहीत.

गोपाळपेठ
राइकचं लक्षात नव्हतं आलं. मान्य.

कार्मेलकर
सगळ्यांचे आभार, रात्री दोनदा वाचलं. काल मुलाला सांगितलं की मी तेव्हा ओरडलो ते चुकलं, तिकिटाचे पैसे आणि सीझन गेला एवढंच डोक्यात होतं. तो काहीच बोलला नाही. मग थोड्या वेळाने विचारलं, ती ४५-४४ वाली मॅच बघायची का.

जानेवारी २०१४ ची कॅन्सस सिटीविरुद्धची प्लेऑफ. ३८-१० ने मागे, आणि तिथून परत येतात. कोल्ट्सच्याच ब्राउनच्या हातातून बॉल सुटतो, लक तो उचलतो आणि सरळ एंड झोनमध्ये, म्हणजे जिथे टचडाउन होतो तिथे, झेप टाकतो. तो प्ले आम्ही पाच-सहा वेळा मागे घेऊन पाहिला. मुलगा म्हणाला, बाबा, उजव्या खांद्यावर पडला बघ.

कोचला मेल केलाय, या सीझनला खेळणार नाही म्हणून. एमआरआय गुरुवारी आहे, कोल्हापुरीफिजिओ, रिपोर्ट आला की तुम्हाला व्यनि (खाजगी निरोप) करतो.