मदत हवी आहे : गिरणीतले जुने दिवे घरात लावण्याबाबत

सप्रेम नमस्कार. इंदुरात रामबागेतल्या आमच्या जुन्या घराचा दिवाणखाना नव्याने सजवताना एका भंगारवाल्याकडून एनॅमलच्या मोठ्या घुमटीचे तीन दिवे घेतले. ते इथल्या हुकुमचंद मिल या कापडगिरणीचे असल्याचे तो शपथेवर सांगतो. मिल 1991 मध्ये बंद पडली, त्यामुळे इथे प्रत्येक जुनी वस्तू तिथलीच निघते, हे आपण जाणताच.

घुमटी बाहेरून गडद हिरवी आणि आतून पांढरी आहे. कडेला एनॅमलचे टवके उडून पत्र्याला गंज चढला आहे, पण घासताना शेजारचा थरही काचेसारखा तडकतो. आम्लाने एनॅमलची चकाकी जाईल या भीतीने मी अद्याप साबणपाण्याच्या पुढे गेलेलो नाही. उडालेला भाग तसाच ठेवून त्यावर केवळ गंजरोधक लेप द्यावा, की रंग भरावा? माझा कल पहिल्याकडे आहे, कारण डाग झाकले तर जुना दिवा घेतला कशाला?

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. चिनीमातीचे होल्डर 40 मिलिमीटर व्यासाच्या आट्यांचे आहेत, वायरीवरचे रबर बोट लावताच भुगा होते आणि पत्र्याला अर्थिंग मुळीच नाही. वायर तर बदलणारच आहे. मात्र मूळ होल्डर राखून 27 मिलिमीटरचा अ‍ॅडॉप्टर बसवून एलईडी लावणे सुरक्षित ठरेल का, आणि अर्थची तार घुमटीला नेमकी कुठे जोडावी, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. लाकडी तुळईला दिवा साखळीने टांगणार आहे, म्हणजे वायरीवर भार येणार नाही.