इंग्रजी तुम्हाला कसं शिकवलं? अनुभव धागा

माहुलीकर
घरामागे जिल्हा परिषदेची शाळा आहे. काल दुपारी खिडकीतून ऐकू आलं, "टच द डोअर! जंप! सिट डाउन!" पहिलीची पोरं नुसती धावत होती. मला एकदम आमच्या बाई आठवल्या. आम्हाला इंग्रजी पाचवीपासून. पहिलीपासून आलं ते 2000 साली. सुरुवातीला बाई पुस्तक उघडूच देत नसत. आधी आज्ञा म्हणत स्वतः करून दाखवायच्या, मग आमच्यासोबत करायच्या, मग नुसतं बोलायच्या आणि आम्ही करायचो. तोंड उघडायची सक्ती नाही, त्यामुळे भीतीच नाही. पुढे डीएडला कळलं, याला टोटल फिजिकल रिस्पॉन्स म्हणतात, जेम्स ॲशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची पद्धत. आधी कान, मग तोंड, मग पुस्तक हे मला मनापासून पटतं. तुमचं लिहा. शिक्षकांनी तर लिहाच.

कृष्णाकाठ
नशीबवान आहात. आमच्याकडे प्रत्येक ओळीवर पेन्सिलीने मराठी अर्थ लिहायचा आणि पाठ करायचा. गो वेन्ट गॉन सगळा वर्ग एका सुरात. दहावीला मार्क भरपूर, पण पुण्यात मुलाखतीला स्वतःबद्दल चार वाक्यं सांगायची वेळ आली तेव्हा घसा कोरडा. दहावीपर्यंत वर्गात कुणी इंग्रजीत प्रश्नच विचारला नव्हता हो!

जतचे गुरुजी
आमच्या पूर्व भागात पोरांच्या घरी कन्नड, शाळेत मराठी, त्यावर इंग्रजी. मराठीत अर्थ सांगून काय होणार? वस्तूच हातात घ्यावी लागते. एक डाळिंब आणि एक डबा. इन, ऑन, अंडर. चौथीतल्या एकाने डाळिंब गुपचूप माझ्या पिशवीत टाकलं आणि विचारलं, "सर, व्हेअर इज इट?" वर्षभर न बोललेला पोरगा! कन्नड काय, मराठी काय, क्रियापद शेवटी, म्हणून मुलं "आय मँगो ईट" म्हणतात. त्यावर फळ्यावर तक्ता: पहिल्या रकान्यात आय, वुई, दे, दुसऱ्यात ईट, वॉन्ट, लाइक, तिसऱ्यात मँगोज, राइस, भाकरी. बोट फिरवायचं, वाक्य म्हणायचं. क्रम आपोआप बसतो.

आटपाडीची लेक
गुरुजी डाळिंब कुठलं, भगवा का? यंदा तेल्या रोग आहे का तुमच्याकडं?

जतचे गुरुजी
भगवाच ताई. पावसानंतर थोडा दिसलाय. तुमच्याकडं?

आटपाडीची लेक
दादांनी निम्मी बाग काढली 😔

माहुलीकर
अरेरे. काळजी घ्या ताई.

वाईची आई
लेक सेमीला आहे. गणित येतं, पण प्रश्नातले शब्द अडतात. "हाऊ मेनी आर लेफ्ट" म्हटलं की तिला डावा हात आठवतो. आता भाकऱ्या करताना मी टोपलीतली एकेक काढून विचारते. कुकर झाला, नंतर लिहिते

निवृत्त शिक्षक, तासगाव
पाठांतराला सरसकट नावं ठेवू नका. चालीवर पाठ केलेली कविता तोंडाला वळण लावते. आणि आज्ञांनी सुरुवात उत्तम होते, पण काल काय घडलं हे सांगायचं तर उड्या मारून भागत नाही. तिथे गोष्ट लागते. मी रोज पाच मिनिटं एकच गोष्ट सांगायचो, आठवडाभर तीच. शुक्रवारपर्यंत मुलंच पुढचं वाक्य म्हणायची.

कृष्णाकाठ
सर, साठ मुलांच्या वर्गात हे जमायचं?

निवृत्त शिक्षक, तासगाव
गोष्टीला साठ काय, शंभर चालतात. बोलायला लावताना मात्र बाकावरच्या जोड्या करायच्या. गोंगाट होतो, होऊ द्यावा.

वाईची आई
आले परत. गुरुजी, त्या तक्त्याचा फोटो टाकाल का? फ्रिजवर लावते.

जतचे गुरुजी
उद्या शाळेत गेलो की टाकतो ताई.