सोसायटीत कौटुंबिक हिंसाचारासाठी मदतगट: नेमकं काय करावं?

प्राजक्त_कर्वेनगर
आमची ९६ फ्लॅटची सोसायटी, शेजारी वस्ती. घरकामाला येणाऱ्या बऱ्याच ताई तिथल्याच. मारहाण दोन्हीकडे होते, सगळ्यांना माहीत असतं, पण "नवरा-बायकोच्या भांडणात आपण कशाला पडा" म्हणून सगळे गप्प. महिला मंडळाने आता पाचजणींचा गट करायचं ठरवलंय. कमिटीतले काहीजण म्हणतात, दोघांना ऑफिसात समोरासमोर बसवून मिटवू. मला ते पटत नाही, पण त्याऐवजी काय, हे सांगता येत नाही. आवाज ऐकू आला तर त्या क्षणी काय करायचं? बाई बोलायला आली तर काय विचारायचं? शिवाय एका सभासदाने "माझ्या बायकोला गेटच्या आत घेऊ नका" असं लेखी दिलंय. फ्लॅट त्याच्या आईच्या नावावर आहे. त्याचं काय करायचं?

समुपदेशक_पुणे३०
समोरासमोर बसवणं कृपा करून करूच नका. ज्याच्या धाकात ती राहते त्याच्यादेखत ती खरं बोलणार नाही. जे चार शब्द बोलेल त्याचा हिशेब रात्री घरी चुकता होईल आणि ती पुन्हा तुमच्याकडे फिरकणार नाही.

आवाज आला तर दोघांनी जायचं, एकट्याने कधीच नाही. बेल वाजवून साधं कारण सांगा: "खालच्या मजल्यावर पाणी गळतंय, तुमचं बाथरूम बघू का?" तो क्षण मोडायचा, एवढंच काम. भांडणाचा विषय काढू नका, कोणी ऐकलं तेही सांगू नका. हत्यार, रॉकेल किंवा गॅसची धमकी, गळा धरलाय असं काही असेल तर बेलच्या भानगडीत न पडता थेट ११२. विंग, मजला, कुठलं गेट हे सांगा आणि एकाने गेटवर थांबून पोलिसांना वर न्या. वॉचमनला बजावून ठेवा: "पोलीस आलेत" असा इंटरकॉम वर करायचा नाही. सवयीने तो करतोच, आणि दार उघडेपर्यंत आत सगळं आवरलेलं असतं.

ती बोलायला आली तर सोसायटीचं ऑफिस नको, तिथे कॅमेरा आणि वर्दळ. शिवणक्लास किंवा भिशीची जागा बरी, तिथे जाण्याला कोणी कारण विचारत नाही. तिला दार दिसेल असं बसवा, दार अडवून बसू नका. पहिला प्रश्न: "तुझ्याकडे किती वेळ आहे?" सांगताना क्रम चुकेल, तारखा जुळणार नाहीत, मध्येच हसेल किंवा एकदम सुन्न होईल. भीतीत मनात बसलेली आठवण तुकड्यातुकड्यांनीच वर येते, त्यावरून ती खोटं बोलते असं ठरवू नका. "आधी का नाही सांगितलंस?" हा प्रश्न बाद. एकीने ऐकायचं. तेच पाचजणींपुढे पुन्हा वदवून घेऊ नका.

एक मात्र विचाराच: "कधी गळा दाबला होता का?" वर वळ नसला तरी आत इजा असू शकते. आवाज बसला, गिळताना दुखतंय, डोळ्यांत रक्ताचे ठिपके, शुद्ध गेली होती, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी दवाखाना. मेंदूचा झटका काही दिवसांनीही येऊ शकतो. आणि एकदा गळ्यापर्यंत हात गेलेल्या माणसाकडून जिवाचा धोका फार वाढलेला असतो. हे तिला स्पष्ट सांगा, पण राहायचं की निघायचं हे तिलाच ठरवू द्या.

काळा_कोट
त्या पत्रावर कमिटीने काहीही अंमल करू नये. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नांदत्या घरात राहण्याचा हक्क तिला आहे, घर कोणाच्याही नावावर असो. सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घरही त्यात येऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सतीश चंदर आहुजा खटल्यात सांगितलंय. उत्तरात एकच ओळ लिहा: "न्यायालयाचा आदेश आणल्यास त्याप्रमाणे वागू." वॉचमनच्या हातून तिला अडवलंत तर सोसायटी स्वतः अडचणीत येईल.

शेजाऱ्यांना भीती असते की आपणच कोर्टाच्या फेऱ्यांत अडकू. कलम ४ वाचून दाखवा: सद्‌हेतूने संरक्षण अधिकाऱ्याला (याच कायद्याखाली सरकारने नेमलेला अधिकारी) माहिती दिली तर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही.

संरक्षणासाठी तिचा अर्ज याच कायद्याच्या कलम १२ खाली, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. माहेरी किंवा मैत्रिणीकडे तात्पुरती राहत असेल तर तिथल्या कोर्टातही चालतो. पहिली तारीख साधारण ३ दिवसांत असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात लांबते. म्हणून कलम २३ चा अंतरिम अर्ज (निकालाआधीच तात्पुरता आदेश मागणारा) सोबतच द्यायला सांगा, हाच बहुतेकदा राहून जातो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, बाईला उत्पन्नाची अट नाही. क्रमांक १५१००.

पुरावा: दवाखान्यात "घरात पडले" अशी नोंद झाली की पुढे दुरुस्त करणं अवघड. कोणी मारलं ते डॉक्टरांना सांगून एमएलसी (पोलीस-कोर्टासाठीची वैद्यकीय नोंद) करायला सांगा. फोटो दोन, एक लांबून चेहरा दिसेल असा, एक जवळून, शेजारी नाणं ठेवून. वळ दोन-तीन दिवसांनी गडद होतात, तेव्हा पुन्हा काढा. मूळ फाइल जपा, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली प्रत कमकुवत ठरते. सोसायटीचं सीसीटीव्ही फुटेज ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं. त्या तारखेचं लगेच काढून ठेवा.

प्राजक्त_कर्वेनगर
खूप आभार. गटाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप कालच केलाय, तिलाही घेणार होतो. चालेल ना?

मुठाकाठ
तिला त्यात अजिबात घेऊ नका, आणि पाचजणींतही नाव-फ्लॅट लिहू नका. तिचा फोन तो बघतो असं धरूनच चाला. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये "लिंक्ड डिव्हाइसेस" आणि गूगल मॅप्समधलं लोकेशन शेअरिंग तपासा, पण सापडलं म्हणून लगेच बंद करू नका. बंद झाल्याचं त्याला कळतं आणि त्याच रात्री वाद पेटतो. बाहेर पडायचा दिवस ठरल्यावर बघा. फास्टॅगचा मेसेज त्याच्या मोबाइलवर जातो, त्यामुळे निघताना घरची गाडी नको.

एक पिशवी शेजारणीकडे राहू द्या: आधार आणि पासबुकाच्या झेरॉक्स, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, १५ दिवसांची औषधं, रोख पैसे, किल्लीची जोड. मूळ कागद एकदम हलवले तर कपाट रिकामं दिसतं. १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक पाठ करून घ्या, फोनमध्ये ठेवू नका. सखी केंद्रात (हिंसाचारग्रस्त बायकांसाठीचं सरकारी मदतकेंद्र) राहायची सोय साधारण ५ दिवसांचीच असते, तेव्हा सहाव्या दिवशी कुठे, हे आधी ठरलेलं हवं.

निघाल्यानंतरचे पहिले काही महिने सगळ्यात धोक्याचे, आणि नेमकं तेव्हाच गट पांगतो. मुलांना शाळेतून कोणी न्यायचं ते वर्गशिक्षिकेकडे लेखी द्या. ती परत गेली तर "एवढं केलं आम्ही" असं तोंडातून निघू देऊ नका. पुष्कळजणी परत जाऊन पुन्हा निघतात, आणि दुसऱ्या वेळी ज्या दारात बोलणी बसली नाहीत तिथेच येतात.

कामाला येणाऱ्या ताईंसाठी आत्ताच ठराव करा: कोर्टाच्या तारखेचा खाडा पगारातून कापायचा नाही, आणि त्या दिवशी बदली बाई सोसायटीने बघायची.