पैठण गेट ते गुलमंडी: संध्याकाळच्या बाजाराला नाव कोणतं? (चर्चा; प्रत्येक मतावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

गुलमंडीवरून

समजा, छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहरातला पैठण गेट, औरंगपुरा, निराला बाजार, खडकेश्वर आणि गुलमंडी हा पट्टा रोज संध्याकाळी गाड्यांना बंद केला आणि खाणं, गाणं, नाटक, खरेदी यांच्यासाठी मोकळा ठेवला. तापडिया नाट्यमंदिर त्यात येतं, मराठवाडा सांस्कृतिक मंडळाचं मैदान येतं, औरंगपुऱ्यातली पुस्तकांची दुकानं येतात. नवं फारसं काही बांधावं लागणार नाही. नाव मात्र एकच लागेल, कारण तिकिटावर, नकाशावर, पाटीवर आणि रिक्षावाल्याला सांगताना तेच वापरायचं आहे.

माझं मत 'गुलमंडी'. नवं नाव शोधूच नये.

नाव मराठीत चालेल की नाही हे प्रत्यय लावून बघावं. आपण 'गुलमंडीवर' जातो, 'औरंगपुऱ्यात' जातो, 'पैठण गेटला' भेटतो. प्रत्येक जागेचा प्रत्यय ठरलेला आहे आणि तो कोणी शिकवलेला नाही. आता अशा पट्ट्याला सुचवतील त्या 'एंटरटेनमेंट डिस्ट्रिक्ट' या नावाला लावून बघा. 'डिस्ट्रिक्टमध्ये जाऊन येतो' असं कुणी घरी सांगणार आहे का? 'मनोरंजन जिल्हा' त्याहून वाईट, जिल्हा म्हटलं की आपल्याला कलेक्टर कचेरी दिसते. जागेसाठी आपल्याकडे पुरा, गंज, मंडी, पेठ, बाजार, चौक हे शब्द आहेत. बेगमपुरा, पदमपुरा, शहागंज, सिटी चौक. नाव याच घरातलं हवं.

आणि गुल म्हणजे फूल, मंडी म्हणजे बाजार. मराठी बोलणाऱ्याला ते जितकं आपलं, तितकंच उर्दू वाचणाऱ्याला. असं नाव या शहरात आयतं हाताशी आहे, ते सोडू नये.

मुंबईचा काळा घोडा बघा. सातव्या एडवर्डचा तो पुतळा १९६५ मध्ये तिथून उचलून भायखळ्याला राणीच्या बागेत नेला. घोडा गेला तरी नाव राहिलं. १९९९ पासूनचा कला महोत्सव त्याच नावाने भरतो आणि २०१७ मध्ये त्या नावाखातर तिथे पुन्हा घोडा उभा राहिला, स्वाराशिवाय.

औरंगपुरेकर

प्रत्ययाची कसोटी पटली, पण ती तुमच्याच विरुद्ध जाते. 'गुलमंडीवर ये' म्हटलं की माणूस चौकातल्या सुपारी हनुमान मंदिरापाशी येऊन उभा राहतो. नाटक तापडियाला असलं तर तो चुकीच्या जागी पोचला. एका चौकाचं नाव पाच मोहल्ल्यांना लावलं की पहिला घोळ हाच होतो: नकाशावर एकाच नावाच्या दोन खुणा, एक चौकाची आणि एक पट्ट्याची. पार्सलवाला एकीकडे, गिऱ्हाईक दुसरीकडे. रुग्णवाहिकेच्या बाबतीत हे परवडणार नाही.

आणि औरंगपुरा, निराला बाजार यांचं काय? इथल्या दुकानदाराने पाटीवर 'गुलमंडी' का लिहावं?

'पैठण गेट' घ्या. पैठणचा रस्ता जिथून निघतो ती वेस आजही उभी आहे. शहराला बावन्न दरवाजांचं म्हणतात आणि त्यातले मोजकेच उरलेत. ज्याचं नाव घ्यायचं ती वस्तू डोळ्यांना दिसते, पाहुण्याला बोट दाखवून सांगता येते. गुलमंडीत फुलांची मंडी दाखवता येईल का?

वाहतूक आणि पार्किंग

पैठण गेटला माझा विरोध आहे, कारण नाव गर्दी ओढतं. पट्ट्याला एका टोकाचं नाव दिलं की बाहेरगावची प्रत्येक गाडी त्याच टोकाला येते. जालना, पैठण, सिल्लोडहून येणारा नाव टाकेल आणि नकाशा त्याला पैठण गेटच्या तोंडाशी आणून सोडेल. तिथे संध्याकाळी आजच रिक्षा, हातगाड्या आणि दुचाकी एकमेकांत अडकलेल्या असतात.

गाड्या बंद असलेल्या भागाचं नाव मधल्या जागेचं असावं आणि नकाशावरची खूण मात्र पार्किंगची असावी. किमान तीन प्रवेश, तिन्हींना दिशेची नावं: 'खडकेश्वर बाजू', 'पैठण गेट बाजू', 'सिटी चौक बाजू'. तिकिटावर आणि निमंत्रणावर नावाखाली बाजू छापायचीच. हे आधी ठरवलं नाही तर नाव कितीही गोड असलं तरी पहिल्याच शनिवारी कोंडी होईल.

खडकी १६१०

दोघंही मोहल्ल्यांवर भांडताय. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलं ते खडकी. खडकेश्वराच्या नावात ते अजून आहे. कुठल्याच मोहल्ल्याला झुकतं माप न देणारं एकच नाव आहे, 'खडकी बाजार'. सामान्यरूपही सरळ: खडकी बाजारात, खडकी बाजारला.

गुलमंडीवरून

नाव सुंदर आहे, पण पुण्याला खडकी आहे. तिथे छावणी आहे, रेल्वे स्टेशन आहे, आणि 'खडकी बाजार' म्हटलं की पुणेकराच्या डोळ्यासमोर तिथलाच बाजार येतो. शोधायला गेलं की पहिली पानं पुण्याचीच. बीडहून नाटकाला निघालेल्या माणसाला दरवेळी 'पुण्याची नाही, संभाजीनगरची' सांगत बसायचं का? शिवाय खडकी हे अख्ख्या गावाचं नाव होतं, एका पट्ट्यापुरतं कधीच नव्हतं.

औरंगपुरेकर, दोन खुणांचा मुद्दा खरा आहे. उपाय असा: चौकाची खूण 'गुलमंडी चौक', पट्ट्याची 'गुलमंडी'. चौकाला चौक म्हणायला कोणाची हरकत नसावी.

गोलाईकर (लातूर)

आमच्या गंजगोलाईचा दाखला घ्या. गोल इमारत, मधे अंबाबाईचं देऊळ, भोवती १६ रस्ते. कापड, सराफ, भुसार, ज्याचा त्याचा रस्ता वेगळा, पण बाहेरचा माणूस विचारतो तेव्हा सगळं मिळून 'गोलाई'. आतल्या रस्त्यांची नावं त्याने पुसली गेली नाहीत. मोठं नाव बाहेरच्यासाठी, बारकं नाव गावच्यासाठी. औरंगपुरा, निराला बाजार यांना भीती बाळगायचं कारण नाही.

औरंगपुरेकर

गोलाईला एक मध्य आहे, भाऊ, आणि तो मध्य भूमितीनेच ठरवलाय. इथे रस्ते वाकडे, चौक चार. मध्य कोणता हे नाव ठरवणार, आणि ज्याचं नाव लागेल त्या चौकातल्या दुकानांचं भाडं आधी चढेल. ही गोष्ट साधी नाही.

पाटीवाला

नाव निवडताना पाटी कोणी बघत नाही, म्हणून सांगतो. रस्त्यावरच्या पाटीचा ढोबळ हिशोब, ३० फुटांवरून वाचायला १ इंच उंचीचं अक्षर. ९० फुटांवरून वाचायचं तर ३ इंच. देवनागरीत वर रफार, मात्रा आणि खाली उकार येतो, त्यामुळे ओळीची उंची त्याहून बरीच वाढवावी लागते. 'सांस्कृतिक' या शब्दातला 'स्कृ' लांबून नुसता गोळा दिसतो. त्यात मराठी, उर्दू, इंग्रजी अशा तीन ओळी आल्या की नाव लांब परवडत नाही. चार-पाच अक्षरांत संपलं पाहिजे. 'गुलमंडी' चार अक्षरं, एकही जोडाक्षर नाही. 'पैठण गेट'ही बसतं. 'छत्रपती संभाजीनगर सांस्कृतिक व मनोरंजन परिसर' कमानीवर बसवायचं म्हटलं तर अक्षर इतकं बारीक होईल की कमानीखाली येऊन वाचावं लागेल.

अजून एक. रोमन लिपीत 'ळ' आणि 'ल' सारखेच लिहितात. 'मेळा', 'खेळ' असलेली नावं बाहेरचा माणूस चुकीची वाचणार आणि शोधताना चुकीची टाकणार. चाचणी सोपी आहे: फोनवर नाव एकदाच सांगा, समोरच्याला लिहायला लावा. दहा जणांत तीनपेक्षा जास्त तऱ्हा निघाल्या तर ते नाव बाद.

दहानंतर

'रात्र बाजार', 'नाइट स्ट्रीट' अशी नावंही पुढे येतील, ती आधीच बाद करा. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. राज्य सरकार वर्षातले फार तर १५ दिवस १२ पर्यंत सवलत देऊ शकतं. नाव रात्रीचं आणि गाणं दहाला बंद, म्हणजे बाहेरगावहून आलेला माणूस चिडून परत जाणार. नावाने वेळेचं वचन देऊ नये.

कंपनीचं नावही नको. प्रायोजकाचा करार ठरावीक वर्षांचा असतो. तो संपला की कमान, बाकं, तिकिटं, नकाशे सगळं पुन्हा. आणि ते नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदलेलं असेल तर फुटपाथवरच्या इमरतीवाल्याने ते गाड्यावर लिहायचं की नाही हे त्या कंपनीच्या हातात. जागेचं नुसतं भौगोलिक नाव असं एकट्याच्या मालकीचं करणं अवघड असतं. गुलमंडी काय, पैठण गेट काय, सगळ्यांना लिहिता येतं.

खडकी १६१०

माझं नाव मागे घेतो, पुण्याचा मुद्दा खोडता येत नाही. पण नाव ठरावाने चिकटत नाही हेही ध्यानात घ्या. आपल्या शहरातला महावीर चौक कागदावर आहे, लोक बाबा पेट्रोल पंप म्हणतात. दिल्लीत १९९५ मध्ये कॅनॉट प्लेसचा राजीव चौक झाला, तरी लोकांच्या तोंडी सीपीच. म्हणून महासभेत ठराव नेण्याआधी सहा महिने कापडी फलकांवर नाव चालवून बघा. रिक्षावाले काय म्हणतात ते ऐका, मग लोखंडी कमान करा.

औरंगपुरेकर

सहा महिन्यांच्या फलकांना माझी संमती, एका अटीवर. औरंगपुऱ्याच्या तोंडावरच्या पाटीवर 'औरंगपुरा' वर आणि मोठं, 'गुलमंडी' खाली. निराला बाजारलाही तसंच.

गुलमंडीवरून

खाली चालेल, लहान चालणार नाही. दोन्ही नावं एकाच उंचीत, ३ इंच. बाहेरच्या माणसाने तिकिटावर 'गुलमंडी' वाचलेलं असतं, तो ९० फुटांवरून तेवढाच शब्द शोधत येतो.

औरंगपुरेकर

तीन इंच मान्य. वर औरंगपुराच.