२०२० मधली कॅन्सरची नोंदणी
‘२०२० मध्ये कॅन्सरचे रुग्णच कमी झाले’ असं कुणी म्हटलं तर ते पटत नाही. कोविडच्या काळात घटली ती रुग्णालयांतली नोंदणी. नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या (भारतातल्या कॅन्सर रुग्णालयांच्या जाळ्याच्या) ४१ केंद्रांत मार्च ते मे २०२० मध्ये नवे रुग्ण आदल्या वर्षीपेक्षा ५४ टक्के कमी, मोठ्या शस्त्रक्रिया ४९ टक्के कमी. रेडिओथेरपी (किरणोपचार) घेणारे मात्र २३ टक्केच कमी. (बहुधा सुरू झालेली रेडिएशन्स डॉक्टरांनी थांबू दिली नसावीत, खंड पडला की उरलेल्या पेशी वेगाने वाढतात.)

दुसरं, जगण्याचा काळ निदानापासून मोजतात. निदान लांबलं की मृत्यूची तारीख तीच राहिली तरी तो काळ कमी भरतो. त्यामुळे नुसत्या सर्व्हायव्हलवरून (निदानानंतर जगण्याच्या या काळावरून) उशिराने किती नुकसान झालं याचा निष्कर्ष नको. निदानावेळची स्टेज आणि लोकसंख्येमागचा मृत्युदरही सोबत पाहा.