कुंपणाच्या लाकडी खांबांची डोकी कापायची कशी?

प्रश्न (खानापूर तालुका, बेळगाव जिल्हा)
शेताच्या बांधावर निलगिरीचे ४० खांब रोवलेत. ७ फुटी, जाडी ४ इंच, जमिनीत २ फूट. लाकूड दिवाळीनंतर तोडलेलं. खड्डे कमी-जास्त झाल्यानं डोकी एका रेषेत नाहीत, काही आत्ताच तडकायला लागलीत. रान उताराचं आहे. डोकी सपाट कापू की तिरकी? वर डांबर लावू की पत्रा? तार अजून ओढलेली नाही. जाणकारांनी सांगा की.

उत्तर १
तिरकीच कापा. लाकूड पाणी पितं ते डोक्याच्या तोंडातून, अंगातून त्यामानानं फार कमी. सपाट डोक्यावर पाणी थांबतं, भेगेतून गाभ्यात उतरतं आणि खांब वरून धड दिसतो पण आतून पोकळ होतो. खानापूरकडच्या पावसात तर चार महिने ते तोंड वाळतच नाही. ४ इंची खांबाला दीड इंचाचा उतार पुरे. उतार तारेच्या उलट बाजूला काढा, नाहीतर ओघळ थेट यू-खिळ्यावर (तार खांबाला धरून ठेवणारा U आकाराचा खिळा) येतो.

रेषेचं म्हणाल तर उताराच्या रानात पाण्याची लेव्हल (नळीतल्या पाण्यानं सगळीकडं एकच आडवी पातळी) घेऊ नका, खालच्या टोकाचे खांब उंच आणि वरचे बुटके दिसतील. साडेचार फुटाची मापकाठी करा, प्रत्येक खांबाला जमिनीपासून तेवढी खूण करा. मग दोन टोकांना सुतळी ताणून बघा. एखादी खूण जमिनीच्या उंचवट्या-खळग्यामुळं खालवर झाली असेल तर तेवढीच सुतळीप्रमाणं सुधारा.

उत्तर २ (सुतारकाम)
वरचं बरोबर आहे, पण शेवटचा काप आत्ता घालू नका. निलगिरीत ताण असतो, ओल्यात कापली की नवं तोंड परत तडकतं. आत्ता खुणेच्या २ इंच वर कापून ठेवा, एप्रिलमध्ये वाळल्यावर खुणेवर कापा. त्याआधी खुणेच्या अडीच इंच खाली, म्हणजे तिरक्या कापाच्या खालच्या टोकापासून इंचभर खाली, १४ गेजच्या जीआय (जस्त चढवलेल्या) तारेचे तीन वेढे पक्कडीनं आवळा. जुनी भेग त्याच्याही खाली गेली असेल तर तो खांब बदललेला बरा.

गोल खांबावर तिरकी रेघ अशी काढा: तारेच्या बाजूला खूण, समोरच्या बाजूला दीड इंच खाली दुसरी. दोन्हींवरून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळा आणि तिच्या कडेनं पेन्सिल फिरवा. करवत लावण्याआधी खालच्या खुणेवर अर्धा इंच खाच पाडा. हे बरेचजण सोडतात, मग शेवटी तुकडा पडताना खांबाची लांब ढलपी सोलून नेतो. खाच झाली की वरच्या बाजूनं कापत या. ७ इंची सर्क्युलर सॉचं पातं अडीच इंचापर्यंतच जातं, म्हणून दोन्ही बाजूंनी कापावं लागेल. ग्राइंडरला लाकडाचं पातं लावून हे काम करू नका, पातं अडकलं की मशीन अंगावर उसळतं.

प्रश्नकर्ता
म्हणजे डांबरपण एप्रिलमध्येच? जळकं ऑईल चालेल?

उत्तर २
हो, एप्रिलमध्येच. ओल्या लाकडावर डांबर धरत नाही, फुगून सुटतं आणि खालची ओल कोंडते. छतावर लावतात तो काळा बिटुमेन पेंट घ्या, दोन हात द्या, दुसरा पहिला पूर्ण वाळल्यावर. बाजूनं इंचभरच खाली उतरवा, सगळा खांब माखू नका. जळकं ऑईल वरवरच राहतं, पावसात धुऊन मातीत जातं.

उत्तर ३
पत्रा हवाच असेल तर कोपऱ्याच्या आणि फाटकाच्या खांबांना घाला, त्यांच्यावर ताण जास्त असतो. कडा चारी बाजूंनी खांबाबाहेर इंचभर याव्यात. वरून खिळा ठोकू नका, त्या भोकातूनच पाणी शिरतं. दोन पाकळ्या खाली वाकवून बाजूनं खिळा. प्लास्टिकची पिशवी बांधणं किंवा डोक्यावर सिमेंटचा गोळा थापणं अजिबात नको. सिमेंट लाकडापासून सुटतं आणि त्या फटीत पाणी साचून राहतं.

सगळ्यात वरची तार कापलेल्या तोंडापासून निदान ४ इंच खाली घ्या. त्याहून जवळ यू-खिळा ठोकला की तिथूनच खांब उभा चिरतो.